कडेनं बघायला शिकलो

सोलापुरात नवी पेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. साडी गिऱ्हाइकाची, आणि तिच्यावर जाणारा ब्लाउजपीस, परकर, फॉल, अस्तर माझं. पिशवीतून साडी बाहेर आली की मी तिच्याकडं एकदाच बघायचो आणि वळून नेमका तागा खाली ओढायचो. कुणी नुसतं 'हिरवा दाखवा' म्हटलं की मला गंमत वाटायची. कैरी, पिस्ता, पोपटी, मेंदी, शेवाळी, बाटली, मोरपंखी, यातला कुठला हिरवा? तीस वर्षं या नजरेवर घर चाललं, आणि खरं सांगायचं तर मला तिचा थोडा माजच होता.

त्यामुळं एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडून नेलेला पीस परत आणून काउंटरवर ठेवला, तेव्हा चूक त्यांचीच असणार असं मी धरून चाललो. वांगी रंगाच्या इरकलीवर मी चॉकलेटी कापड दिलंय, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही एकसारखेच दिसत होते. मी ट्यूबलाइटवर ढकललं. त्या शांतपणे म्हणाल्या, की त्यांनी ते अंगणात उन्हात धरून पाहिलंय आणि शेजारणीलाही दाखवलंय. मी पीस बदलून दिला आणि त्याच दिवशी ट्यूब बदलली. पंधरा दिवसांनी नेव्ही ब्लूच्या जागी काळं गेलं. मग मी चष्मा बदलला. नव्या चष्म्यानं काही फरक पडला नाही, तेव्हा चष्मेवाल्याला नावं ठेवली.

हळूहळू चेहरे जायला लागले. गिऱ्हाइकाचे हात दिसायचे, पिशवी दिसायची, साडीचे काठ दिसायचे. पण जिथं नेमकं बघावं तिथंच पाटी ओल्या बोटानं पुसल्यासारखं व्हायचं. ओळखीचं कोण आणि अनोळखी कोण हे कळेना, म्हणून मी सगळ्यांनाच 'या ताई, बसा ताई' करायला लागलो. पेठेत माझ्या नम्रपणाची चर्चा सुरू झाली. पण एक दिवस माझा साडू दुकानात आला आणि मी उठून त्याला हात जोडले. 'बोला साहेब, काय दाखवू?' म्हणालो. त्याला वाटलं, मी टोमणा मारतोय. तो तसाच पायऱ्या उतरला आणि महिनाभर आमच्याकडं आला नाही. बायकोनं बहिणीकडून ते ऐकलं, घरी येऊन मला समोर बसवलं आणि विचारलं, की तुम्हाला नक्की किती दिसतं. मी म्हणालो, सगळं दिसतं. तिनं तीन बोटं धरली. मी चार सांगितली. दुसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतो.

डॉक्टरांनी थेंब घालून, यंत्रात डोकावून बराच वेळ तपासलं. मग सरळ सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग झिजलाय. वयानं होतं काही जणांना. चष्म्यानं जात नाही, ऑपरेशननं जात नाही. मात्र कडेची नजर राहील, म्हणजे पूर्ण अंधार कधी होणार नाही. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून म्हणाले, की खाली तळमजल्यावर लो व्हिजनचा विभाग आहे, तिथं जा, आहे त्या नजरेत कसं भागवायचं ते शिकवतात.

माझ्या कानात फक्त 'ऑपरेशननं जात नाही' एवढंच शिरलं. चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली. ती शर्टाबरोबर धुतली गेली आणि मला बरंच वाटलं. साडूला मात्र बायकोनं त्याच आठवड्यात खरं काय ते सांगितलं. तो येऊन माझ्याजवळ बसला आणि माझी पाठ थोपटत राहिला. त्याचा राग परवडला असता, असं मला वाटलं.

पुढचे पाचेक महिने मी फार वाईट वागलो. दुकान अर्धा दिवस उघडायचो, मग तेही बंद. टीव्हीला नाक लावून बसायचो आणि बायकोलाही काही दिसत नसल्यासारखा तिच्या आणि टीव्हीच्या मध्येच उभा राहायचो. ताक ओतायला गेलो की निम्मं पांढऱ्या कपात आणि निम्मं ओट्यावर. मग बायको मला काही ओतूच देईना. ताटातली भाजी कुठं, चटणी कुठं ते ती बोट धरून दाखवायची. कपडे काढून ठेवायची, नखं कापायची. मी माझ्याच घरात पाहुणा झालो, आणि पाहुण्यासारखा गप्प बसून राहिलो.

तिच्या भावाचं अक्कलकोटला अचानक दुखणं निघालं आणि तिला चार दिवस जावं लागलं. डबा लावते म्हणाली तर मी नको म्हणालो, माझं मी बघतो. गॅसची ज्योत दिसेना, म्हणून गॅस पेटवलाच नाही. चार दिवस मी केळी आणि बिस्किटं खाल्ली. ती आली तेव्हा ओट्याखाली केळ्यांच्या सालींची पिशवी भरलेली होती. ती ओरडली नाही. बॅग तशीच दारात ठेवून म्हणाली, "उद्या त्या तळमजल्यावर जायचं. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन आणि त्यांना सांगेन, माझ्या नवऱ्याला घरात ठेवायचं का झाडावर, तेवढं सांगा."

तळमजल्यावरची ती खोली दवाखान्यासारखी नव्हतीच. एका बाजूला शाळेचं बाक, एका बाजूला चक्क ओटा आणि शेगडी, खिडकीत वेगवेगळे दिवे, भिंगं, काठ्या. तिथल्या मॅडम तिशीतल्या, डोक्याला ओढणी बांधलेल्या, सोलापुरातच वाढलेल्या. घरी उर्दू बोलत असाव्यात, मराठी मात्र माझ्यापेक्षा स्वच्छ. त्यांनी अक्षरांचा तक्ता दाखवलाच नाही. म्हणाल्या, "काका, आरामात बसा. सकाळी उठल्यापासून तुमचं काय काय अडतं, तेवढं सांगा."

मी म्हणालो, दुकान. बायकोनं मात्र पाव तास यादी सांगितली. दाढीपासून सुरू करून ती ताकापर्यंत आली. मॅडम लिहून घेत होत्या. मधेच त्यांनी मला विचारलं, की यातलं काकूंनी सांगितलेलं सगळं खरं का? मी म्हणालो, ताकाचं जरा वाढवून सांगितलंय.

मग त्यांनी बायकोला खिडकीच्या उजेडात माझ्यासमोर खुर्चीवर बसवलं आणि मला तिच्या नाकाकडं बघायला सांगितलं. काय दिसतं? केस दिसत होते, कान, मंगळसूत्र, साडीचा काठ. मध्ये काही नाही. मॅडम म्हणाल्या, की आता चेहरा म्हणजे घड्याळ समजा. मान हलवायची नाही, फक्त नजर बाराच्या आकड्यावर न्या. मग एकवर. मग दोनवर. सावकाश. जिथं चेहरा उमटेल तिथं थांबा.

दोनवर गेलो, काही नाही. परत एकवर आलो, तिच्या कपाळाच्या जरा वर, उजवीकडं. आणि खालच्या बाजूनं तिचा चेहरा आला. फार स्पष्ट नाही, पाण्याखालची वस्तू दिसावी तसा, पण आला. तिचाच. डोळ्यांवर जाड काळ्या काड्यांचा चष्मा होता. माझ्या लक्षात होता तो सोनेरी.

"चष्मा नवा घेतलास?" मी विचारलं.

"दिवाळीत घेतला," ती म्हणाली.

तेव्हा होळी होऊन गेली होती. ती खिडकीकडं बघायला लागली आणि तिचा चेहरा माझ्या नजरेतून निसटला. मॅडमना एकदम कपाटात काहीतरी शोधायचं आठवलं. मी पुन्हा एकवर नजर लावून बसलो आणि ती इकडं वळायची वाट बघत राहिलो.

यापुढं सगळं सोपं झालं असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. रोज वीस मिनिटं सराव होता. आधी पत्त्यांचे कॅट, मग पेपरातले मोठे मथळे, मग दिव्याचं भिंग घेऊन बारीक ओळी. जन्मभर ज्या वस्तूकडं बघायचं तिच्याकडंच डोळे नेले होते, आता तिच्या शेजारी न्यायचे. डोळे ऐकायचे नाहीत, सारखे मध्ये पळायचे. मान आखडायची. दुसऱ्या आठवड्यात मी पत्ते भिरकावून दिले. बायकोनं ते गोळा केले, बदामची राणी सोफ्याखालून काढली आणि माझ्यासमोर रमीचा डाव मांडला. म्हणाली, की सराव नको असेल तर नको, नुसतं खेळू. मी हरलो की चिडतो हे तिला माहीत आहे. महिनाभरानं मी तिला पहिल्यांदा हरवलं आणि तेव्हाच पत्ते चांगले दिसायला लागलेत हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं.

ओट्यावरची कामं त्या खोलीतल्या शेगडीवर शिकलो. गॅसच्या बटणावर फुगीर रंगाचा एक ठिपका दिला, तो बोटाला लागला की कळतं ज्योत बारीक आहे का मोठी. ताकासाठी गडद निळा पेला, कणीक परातीबाहेर गेली तर दिसावी म्हणून खाली काळी चटई. किरकोळ गोष्टी. पण एका सकाळी बायको उठायच्या आधी मी चहा करून तिच्यापुढं ठेवला. तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, की साखर दोनदा पडलीय. कप मात्र रिकामा केला.

दुकानाचा प्रश्न राहिलाच होता. मॅडम म्हणाल्या, की तो इथं बसून सुटणार नाही. एका दुपारी त्या नवी पेठेत आल्या, बाहेर रिक्षांचा गोंधळ चालू असताना माझ्या गादीवर बसल्या आणि तिथून दार, दिवे, फळ्या बघून घेतल्या. मग म्हणाल्या, की काका, तुमच्या दुकानात उजेड भरपूर आहे, पण तो सगळा तुमच्या डोळ्यांत येतोय, कापडावर नाही. दार गिऱ्हाइकाच्या पाठीशी असल्यामुळं मला गिऱ्हाईक म्हणजे नुसती सावली दिसायची. काउंटर फिरवून आडवा घेतला. त्याच्यावर खाली झुकणारा दिवा लावला. एक पांढरं आणि एक काळं जाजम आणलं, गडद कापड पांढऱ्यावर, फिकं काळ्यावर. तागे रंगांच्या घराण्याप्रमाणं लावले आणि प्रत्येक फळीवर पिवळ्या पुठ्ठ्यावर ठसठशीत काळे आकडे लिहिले.

रंग सांगणारं एक ॲपही त्यांनी फोनवर घालून दिलं. मी मोठ्या उत्साहानं त्याच्यापुढं मरून रंगाचा पीस धरला. फोन म्हणाला, तपकिरी. राणी धरला, फोन म्हणाला, गुलाबी. डाळिंबी धरला, फोन म्हणाला, लाल. असल्या माणसाला मी माझ्या दुकानात एक दिवस ठेवलं नसतं. मॅडम हसल्या, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुणीच एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं. काही रंग तुम्हाला यापुढं वेगळे कळणार नाहीत, काका. दिवा बदला, भिंग बदला, नाही कळणार. तिथं विचारायचं.

"कुणाला?"

"समोर असेल त्याला."

तीस वर्षं मी सांगायचो आणि गिऱ्हाईक ऐकायचं. आता मी विचारायचं. हे मला ओट्यावरच्या ताकापेक्षा अवघड गेलं. त्यात कडेनं बघायची भानगड. बाईमाणसाचा चेहरा दिसावा म्हणून मी तिच्या कपाळाच्या वर उजवीकडं बघायचो. तिला वाटायचं मागं कोण आलंय, ती वळून बघायची. एक बाई तीनदा वळली. दुसरीनं पदर सावरला आणि पिशवी उचलून निघून गेली. पेठेत एवढी वर्षं काढून, माणूस बायकांकडं तिरकं बघतो असं कुणी म्हणायला नको.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं, मोहोळकडच्या खेड्यातली एक बाई, तिच्याकडं जांभळी साडी होती. ती बसायच्या आत मी सांगून टाकलं, की माझी मधली नजर गेलीय, मी तुमच्या डोक्यावर बघतोय असं वाटेल, पण तुमच्याकडंच बघतोय. आणि जांभळ्यात मला दोन छटांतला फरक कळत नाही, तो तुम्ही सांगायचा. बोलून झालं आणि मी मान खाली घालून बसलो.

ती म्हणाली, "आमच्या सासूबाईंचं बी असंच हाय की. लई जवळ येऊन बघत्यात, मला वाटायचं संशय घेत्यात. तुमी कुटं दाखवलं?"

मी तिला दवाखान्याचा पत्ता सांगितला, मग आम्ही दोघांनी दारात उन्हात जाऊन जांभळा लावला. चांगला लागला. तिनं तसं सांगितलं, मला मानावंच लागलं.

हळूहळू बायको दुपारी दुकानात यायला लागली, गडद रंगांसाठी. सुरुवातीला ती फक्त हो-नाही सांगायची. मग मतं द्यायला लागली. या काठावर हा रंग उठत नाही, त्यापेक्षा काठाचाच घ्या. गिऱ्हाइकांना ते इतकं पटायला लागलं की आता बायका आल्या की आधी 'वहिनी आहेत का?' विचारतात. मी कापडाच्या बाजूला सरकलो. टू बाय टू रुबिया, पॉपलिन, कॉटन सिल्क, हे मला बोटांना कळतं, तिथं अजून मला कुणी हात लावू शकत नाही. हेवा वाटतो का? वाटतो. पण ती दुकान बंद करताना दिवसभरातल्या गमती सांगत असते, आणि घरी येईपर्यंत आमचं बोलणं संपत नाही. पूर्वी मी तिला दुकानातलं काही सांगत नव्हतो.

काठीचं मात्र माझं जमेना. घडीची पांढरी काठी मॅडमनी पहिल्याच महिन्यात दिली होती. मी म्हणायचो, मला चालताना दिसतं, ठेचकाळत नाही, मग काठी कशाला? त्या म्हणायच्या, की ती तुमच्यासाठी नाही, समोरच्यासाठी आहे. मी ती पिशवीत तळाशी ठेवायचो.

मोडनिंबला माझी धाकटी बहीण असते. वर्षभर तिच्याकडं गेलो नव्हतो. एका सकाळी एकटाच निघालो. स्टँडवर एसटीची पाटी वाचता येईना. विचारायची लाज वाटली, म्हणून ज्या गाडीत जास्त माणसं चढत होती तिच्यात चढलो. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा कळलं, गाडी मंगळवेढ्याची. तो म्हणाला, "एवढी मोठी पाटी लावलीय पुढं, वाचून चढायचं की." सगळी गाडी माझ्याकडं बघत असणार. मला दिसत नव्हतं हे एका परीनं बरंच. शहराबाहेर पडायच्या आत त्यानं मला उतरवलं. रिक्षानं परत स्टँडवर आलो, बाकावर बसलो, आणि पिशवीच्या तळातून काठी काढून उलगडली.

दोन मिनिटंही गेली नसतील. एक कॉलेजची मुलगी जवळ आली, आजोबा, कुठं जायचंय? आजोबा म्हणाली ते लागलं थोडं, पण मोडनिंब म्हणालो. तिनं पाटी वाचली, मला पुण्याच्या गाडीपाशी नेलं, कंडक्टरला सांगितलं. कंडक्टरनं दाराजवळची जागा दिली आणि मोडनिंब आल्यावर हाक मारली. काठीनं मी एकदाही जमीन चाचपली नव्हती. मॅडमचं म्हणणं मला तेव्हा कळलं, पण त्यांना मी ते लगेच सांगितलं नाही.

बहिणीनं दारात काठी बघितली आणि डोळ्यांना पदर लावला. मी म्हणालो, आधी चहा टाक, रडायचं नंतर बघू, मी दोन गाड्या करून आलोय. चहा पिताना मंगळवेढ्याची गोष्ट सांगितली. ती हसायला लागली ती थांबेना. लहानपणी हसायची तशीच. मला तिचे दात दिसले.

नजर सुधारली का, असं लोक विचारतात. नाही. मागच्या तपासणीत डावा डोळा आणखी थोडा उतरलाय. स्कूटर देऊन टाकली. लग्नकार्यात आता मी एका जागी बसतो आणि लोक येऊन आपलं नाव सांगतात. काही सकाळी उठल्यावर समोर तोच पुसलेला ठिपका दिसतो आणि चादर डोक्यावरून घ्यावीशी वाटते. त्या सकाळी बायको मला बोलत नाही, पत्ते काढून ठेवते.

या वर्षी मॅडमनी मला एका कामाला लावलंय. अक्कलकोटकडून येणाऱ्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना फक्त कन्नड येतं, आणि मॅडमना मराठी, उर्दू, इंग्रजी येतं, कन्नड नाही. आमच्या घरी कन्नड. म्हणून मंगळवारी दुपारी दुकान बायकोवर सोडून मी तळमजल्यावर जातो. पहिल्याच दिवशी एक सत्तरीच्या आजी होत्या. नातू त्यांना सोडून बाहेर चहाला गेला होता. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी तो कन्नडमध्ये सांगितला, की दिवसभरात तुमचं काय अडतं? निवडणं, टिपणं, देवाचा दिवा, असं काही येईल म्हणून मॅडम पेन धरून बसल्या होत्या.

आजींनी दाराकडं बघून खात्री केली आणि मला हळूच सांगितलं, की त्या काही बोलल्या की सून तोंड वाकडं करते का नाही, तेवढं दिसलं की बास. बाकीचं त्यांचं त्या हातानं चाचपून करतात.

मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी हसू दाबून लिहून घेतलं, चेहरे ओळखणे. मग घड्याळाचा धडा सुरू झाला. आजींना घड्याळ कळत नव्हतं, म्हणून मी दिशा सांगितल्या, उगवतीकडं, मावळतीकडं. त्यांची नजर माझ्यासारखी वर नाही, डावीकडं लागली. पाच आठवडे त्या न चुकता आल्या. घरी शेंगा फोडत फोडत सराव करायच्या म्हणे.

सहाव्या मंगळवारी मी विचारलं, की आजी, मग सून तोंड वाकडं करते का?

"हौद्री," आजी म्हणाल्या. करते म्हणे. पण आता सासूला दिसतं हे तिला समजलंय, त्यामुळं आधीपेक्षा कमी करते. आणि परवा, त्यांनी पुढं सांगितलं, तिनं तसं तोंड केलं आणि आजींनीही तिच्याकडं बघून तसंच करून दाखवलं. तेव्हा दोघी हसल्या.

मॅडम पेन हातात धरून विचारत होत्या, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. मी म्हणालो, प्रगती आहे, लिहून घ्या.